लॅटिनमधलं उकळणं: फेर्वेरे, एफेर्वेस्केरे आणि एबुलिरे

नमस्कार मंडळी. आजचा विषय आहे लॅटिनमधलं एक क्रियापद, फेर्वेरे, आणि त्याच्यापासून निघालेलं एफेर्वेस्केरे म्हणजे उकळून वर येणं, आणि मग ह्या दोघांच्या शेजारीच राहणारं पण वेगळ्या कुळातलं एबुलिरे. कुठलीही लॅटिन डिक्शनरी उघडा, पहिला अर्थ दिलेला असतो 'उकळणे, कढत असणे', आणि त्याच्या खाली दोन नंबरला, तीन नंबरला 'लाक्षणिक अर्थाने' असं म्हणून राग, जोश, गर्दी, समुद्राची खळबळ हे सगळं कोंबलेलं असतं. त्यामुळे शिकणाऱ्याची समजूत अशी होते की मूळ शब्द चुलीवरच्या पाण्याचा आणि बाकीचं कवींनी नंतर ओढूनताणून केलेलं. मला वाटतं हा शब्द रोमन माणसाच्या डोळ्यांनी बघायचा तर चूल आधी जरा बाजूला सारावी लागते. त्याला दिसतेय ती हालचाल, आतून सुरू झालेली, सगळीकडून एकदम वर येणारी, एका जागी न थांबणारी, खाली जाळ असला तर असला. उष्णता हे त्या हालचालीचं एक कारण झालं, रोज दिसणारं कारण, पण शब्दाचा जीव हालचालीतच आहे.

आता ह्याला पुरावा काय. प्लिनी, तोच तो थोरला प्लिनी जो इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला तेव्हा मेला, त्याच्या निसर्गावरच्या ग्रंथाचा चौदावा भाग सगळा द्राक्षं आणि वाइन ह्यांच्यावर आहे. द्राक्षं तुडवून रस काढला की तो मोठमोठ्या मातीच्या रांजणांत भरायचे, हे रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले असायचे, आणि मग तो रस आपोआप फसफसायला लागायचा, फेस वर यायचा, आतून आवाज यायचा. खाली विस्तव नाही, काही नाही, जमीन तर उलट गारच. ह्या प्रकाराला रोमन लोक काय म्हणायचे, तर फेर्वेरे. आणि प्लिनी हे स्वतः सांगतो, म्हणजे तो एके ठिकाणी लिहितो की रसाला फेर्वेरे करू दिलं नाही तर तो गोडच राहतो, आणि लगेच मध्ये थांबून म्हणतो 'सिक आप्पेल्लांत मुस्ति इन विना त्रान्सितुम', रसाची वाइन होण्याला ते असं म्हणतात. मला हे फार आवडतं, कारण दोन हजार वर्षांपूर्वीचा लेखक आपल्याला अर्थ सांगायला अर्ध्या वाक्यात थांबतो. आणि मग तो उपायही सांगतो, रस काढल्या काढल्या पिंपं भरून पाण्यात बुडवून ठेवायची, हिवाळ्याचा मध्य उलटून थंडी नेहमीची होईपर्यंत. थंडीत यीस्ट काम करत नाही हे आज आपल्याला माहितीये, त्यांना यीस्ट नावाची गोष्टच ठाऊक नव्हती, ती भानगड एकोणिसाव्या शतकात लुई पाश्चरने सोडवली, पण गार ठेवलं की रस उकळत नाही एवढं त्या शेतकऱ्यांना पक्कं माहीत होतं. उकळत नाही, हो, हाच शब्द.

त्याच रसाला खरोखरच्या चुलीवर चढवून आटवायचीही पद्धत होती. प्लिनी म्हणतो निम्मा राहीपर्यंत आटवला की देफ्रुतुम, एक तृतीयांश उरेपर्यंत आटवला की सापा. आपल्याकडची काकवी डोळ्यांसमोर आणा, फक्त उसाच्या जागी द्राक्षाची, साधारण तसंच काहीतरी दाट गोड प्रकरण, आणि साखर नव्हती त्यामुळे स्वयंपाकात, फळं टिकवायला, हलकी वाइन सुधारायला सगळीकडे हेच. हे शिशाच्या भांड्यात आटवावं, तांब्याच्या नको, असा सल्ला प्लिनीच देतो, आणि शिसं हे विष आहे हे आज माहीत असलेल्या आपल्या अंगावर ते वाचताना काटा येतो. तर हा देफ्रुतुम शब्द भाषाशास्त्रज्ञ फेर्वेरेच्याच मुळाशी नेऊन लावतात, आणि फेर्मेंतुम, म्हणजे आंबवण, ज्याच्यावरून इंग्रजीत फर्मेंटेशन आलं, तेही त्याच घरातलं. इंग्रजीतले ब्रू आणि ब्रॉथ हे तर जर्मॅनिक शाखेतून आलेले लांबचे भाऊ. म्हणजे मुळापासूनच आंबणं आणि उकळणं एका शब्दकुटुंबात नांदतायत, एकात जाळ आहे, एकात नाही.

रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो, त्याचं एक वाक्य ह्या बाबतीत बघण्यासारखंय. देवांच्या स्वरूपावरचा त्याचा जो संवाद आहे, इ.स.पू. ४५ च्या सुमाराचा, त्यात बाल्बुस नावाचा स्टोइक ह्या तत्त्वज्ञानपंथाच्या मंडळींच्या बाजूने बोलणारा माणूस सिद्ध करायला बघतोय की प्रत्येक गोष्टीत उष्णता भरलेली आहे, हवेतसुद्धा, कारण हवा म्हणजे पाण्याची वाफ आणि ती वाफ पाण्यातल्या उष्णतेच्या हालचालीने तयार होते. उदाहरण काय देतो, तर 'ज्या पाण्याला खाली जाळ लावल्यावर उकळी फुटते', एफेर्वेस्कुंत सुब्दितिस इग्निबुस. बघा, खाली जाळ लावल्यावर हे त्याला वेगळं सांगायला लागलंय. शब्दात ते आपोआप असतं तर कशाला सांगितलं असतं?

थोडं व्याकरण बोलू, पण थोडंच, घाबरू नका. फेर्वेरे हा शब्द दोन तऱ्हेने उच्चारला जायचा. एक मधला ए लांब, दुसरा मधला ए आखूड, आपल्या देवनागरीत हा फरक लिहून दाखवता येत नाही पण कानाला कळतो. क्विन्टिलियन, पहिल्या शतकातला वक्तृत्वाचा मोठा शिक्षक, त्याने ह्या वादाची नोंद केलीये, आणि त्यात इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या लुसिलियस ह्या कवीची एक ओळ दिलीये: 'फेर्वित आक्वा एत फेर्वेत, फेर्वित नुंक, फेर्वेत आद आन्नुम'. पाणी उकळतं असंही म्हणतात आणि तसंही म्हणतात, आत्ता असं उकळतंय, पुढच्या वर्षी तसं उकळेल. म्हणजे लुसिलियसच्या काळातच ह्या रूपावरून लोकांमध्ये खेचाखेची चालू होती आणि तो म्हणतोय, काहीही म्हणा बाबा. क्विन्टिलियनला मात्र आखूड उच्चारावरून होणारं 'फेर्वो' हे रूप कानाला खटकतं, आम्ही हे कधी ऐकलेलंच नाही म्हणतो. आणि गंमत अशी की त्याच्या आधी शंभरएक वर्षं महाकवी व्हर्जिलने काही महत्त्वाच्या जागी 'फेर्वेरे' हे रूप वापरताना जुना आखूड उच्चारच घेतलाय.

आणि आता व्हर्जिलकडे येऊ, कारण चुलीशिवायची उकळी बघायची असेल तर तिथेच बघावी.

मधमाश्यांवर त्याने शेतीच्या काव्याचा अख्खा चौथा भाग लिहिलाय, त्यात एक ओळ आहे, 'फेर्वेत ओपुस', काम उकळतंय, आणि थाइमच्या फुलांचा वास असलेला मध दरवळतोय. पोळ्यात कोणी रागावलेलं नाही, काही तापलेलं नाही, नुसती शेकडो जिवांची ये-जा, कोणी आत चाललंय कोणी बाहेर, आणि त्या सगळ्यालाच क्रियापद एक, फेर्वेत. ही ओळ त्याला स्वतःला एवढी बरी वाटली असावी की त्याने ती जशीच्या तशी उचलून एनिअड ह्या आपल्या महाकाव्याच्या पहिल्या सर्गात परत वापरली. तिथे प्रसंग असा, ट्रॉय जळून खाक झाल्यावर एनिअस वादळातून कसाबसा आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागलाय आणि टेकडीवरून त्याला डायडो राणीचं नवं शहर कार्थेज बांधताना दिसतं, कोणी भिंती उभारतायत, कोणी बंदर खोदतायत, कोणी थिएटरचा पाया घालतायत, आणि व्हर्जिल त्यांना मधमाश्यांची उपमा देतो आणि शेवटी फेर्वेत ओपुस. स्वतःचं घर गेलेला माणूस दुसऱ्याचं घर उभं राहताना बघतोय.

आता चौथ्या सर्गात या. मधे सगळं होऊन गेलंय, प्रेम झालंय, देवांचा निरोप आलाय, एनिअस डायडोला सोडून इटलीला निघालाय, त्याची माणसं जहाजं समुद्रात ढकलतायत, जंगलातून पानंसुद्धा न काढलेल्या लाकडाची वल्ही ओढून आणतायत, आणि ह्या वेळी उपमा मुंग्यांची आहे, हिवाळ्याची बेगमी करत धान्य वाहून नेणाऱ्या मुंग्या, 'ओपेरे ओम्निस सेमिता फेर्वेत', सगळी वाट कामाने उकळतेय. आणि लगेच पुढच्या काही ओळींत कवी डायडोलाच विचारतो, हे बघताना तुला काय वाटलं असेल गं, किल्ल्याच्या टोकावरून तुला सगळा किनारा उकळताना दिसला, लितोरा फेर्वेरे लाते, तेव्हा तू किती हुंदके दिले असशील. इथे आखूड ए आहे, छंदच तसा आहे, लांब उच्चार केला तर ओळ मोडते. पहिल्या सर्गात तो वरून बघत होता, तिची माणसं कामाला लागलेली, आता ती वरून बघतेय, त्याची माणसं कामाला लागलेली. क्रियापद तेच. कोणाला राग आलेला नाही, घाई आहे फक्त, आणि ती घाईच तिला मारतेय. भाषांतरात इथे बहुतेक वेळा 'किनारा गजबजला' असं काहीतरी येतं आणि ते चूक म्हणता येणार नाही, पण मग ती दोन दृश्यं एकमेकांशी बोलायची बंद होतात, एवढंच मला सांगायचंय.

आठव्या सर्गात तिसऱ्यांदा, एनिअसच्या ढालीवर भविष्यातली अ‍ॅक्टियमची लढाई कोरलेली आहे, इ.स.पू. ३१ ची, ऑगस्टस विरुद्ध अँटनी आणि क्लिओपात्रा, आणि तिथे 'फेर्वेरे लेउकातेन', लेउकातेचं अख्खं भूशिर युद्धाच्या तयारीने उकळताना दिसतं. समुद्राच्या पाण्याला ह्या शब्दासाठी आणखी काही लागत नाही, जहाजं आणि वल्ही पुरेशी.

पण राग दाखवायचा असेल तेव्हा व्हर्जिल काय करतो? सातव्या सर्गात अलेक्तो ही सूडदेवता तुर्नुसच्या छातीत जळती मशाल खुपसते आणि तो पिसाळतो, आणि तिथे मात्र खरोखरच चुलीवरचं भांडं येतं, काटक्यांचा जाळ कढईच्या कुशीला कडकड करत लागलाय, पाणी उड्या मारतंय, आत वाफाळतं पाणी वेडं झालंय, फेस वर चढतोय, 'नेक याम से कापित उंदा', आणि आता पाणी स्वतःत मावत नाहीये, काळी वाफ हवेत उडतेय. पाच ओळींत उकळीची एवढी बारीक नोंद, आणि ह्या पाच ओळींत फेर्वेरे हे क्रियापद एकदाही नाही! उड्या मारणं आहे, वेड लागणं आहे, ऊतू जाणं आहे, फेर्वेरे नाही. माझ्या मते जिथे भांडं आणि जाळ सगळं डोळ्यांसमोर मांडलंय तिथे त्याला ह्या शब्दाची गरजच पडली नाही. तो शब्द त्याने मधमाश्यांसाठी, मुंग्यांसाठी, किनाऱ्यासाठी राखून ठेवला.

आता शब्दाच्या पुढे-मागे काय जोडतात ते बघू, कारण लॅटिनचा खरा खेळ तिथेच चालतो. मधे 'स्क' घातला की क्रिया सुरू होण्याचा, वाढत जाण्याचा अर्थ येतो. फेर्वेत म्हणजे उकळतंय, फेर्वेस्कित म्हणजे आधण यायला लागलंय. अ‍ॅडोलसंट, कॉन्व्हॅलसंट, हे इंग्रजीतून आपल्या ओळखीचे झालेले शब्द, ह्यांच्यातला 'स' तोच, वाढीला लागलेला, बरा होत चाललेला. मग पुढे 'एक्स' लावा, बाहेर, वर, की एफेर्वेस्केरे, उकळी फुटून वर येणं. 'दे' लावा, खाली, की देफेर्वेस्केरे, उकळी बसणं, खळबळ निवणं. वर आणि खाली, ही जोडी लक्षात ठेवा, सिसेरो आयुष्यभर ह्या जोडीशी खेळलाय.

वक्त्यावरचा त्याचा मोठा संवाद इ.स.पू. ५५ मधला आहे पण त्यातलं संभाषण घडतं ते इ.स.पू. ९१ च्या सप्टेंबरात, तुस्कुलुमच्या बंगल्यात. तिथे आन्तोनियुस, म्हणजे ज्या मार्क अँटनीला आपण ओळखतो त्याचा आजोबा, समोर बसलेल्या सुल्पिकियुस नावाच्या तरुणाबद्दल बोलतो. हा पोरगा मी पहिल्यांदा एका किरकोळ खटल्यात ऐकला, आवाज, अंगकाठी, हावभाव सगळं उत्तम, बोलणं वेगवान आणि धगधगतं, तो त्याचा स्वभाव, आणि शब्द, 'वेर्बिस एफेर्वेस्केंतिबुस', उकळून वर येणारे आणि जरा जास्तच ओसंडणारे, ते त्याचं वय. स्वभाव वेगळा काढला, वय वेगळं काढलं, आणि उकळी वयाच्या खात्यात टाकली. आणि पुढे म्हणतो, मला हे नको होतं असं नाही, तरुणात असं भरभरून असावंच, द्राक्षाच्या वेलीचं बघा ना, नको तेवढी फुटलेली फूट छाटणं सोपं असतं, पण लाकडातच दम नसेल तर नवे फुटवे कितीही मशागत करून आणता येत नाहीत. नाशिककडचे द्राक्षवाले हे ऐकून मान हलवतील, ऑक्टोबर छाटणीचं गणित ह्याहून फार वेगळं नाही. मग आन्तोनियुसने त्या पोराला सांगितलं, कोणातरी गुरूच्या हाताखाली बस, माझं ऐकशील तर क्रासुस ह्या मोठ्या वक्त्याच्या. जेमतेम एक वर्ष गेलं आणि तो कोर्टात आन्तोनियुसच्याच विरुद्ध उभा राहिला, आणि फरक एवढा होता की आन्तोनियुसला विश्वास बसेना.

हे वाचताना सिसेरोच्या वाचकांना पुढचं सगळं माहीत होतं, ते आपणही माहीत करून घ्यायला हवं. हाच सुल्पिकियुस तीन वर्षांत, इ.स.पू. ८८ ला, ट्रिब्यून म्हणजे जनतेचा निवडून आलेला प्रतिनिधी झाला, त्याने पूर्वेकडच्या मिथ्रिदातेस राजाविरुद्धच्या युद्धाचं सेनापतिपद सुला ह्या सेनापतीकडून काढून त्याचा प्रतिस्पर्धी मारियुसला दिलं, आणि सुला सैन्य घेऊन थेट रोमवरच चालून आला, रोमन सैन्याने रोमवर चालून जायची ही पहिलीच वेळ. सुल्पिकियुस पळाला, त्याच्याच गुलामाने त्याला पकडून दिलं, मारला गेला. पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूच्या लोकांनी आन्तोनियुसचंही डोकं उडवलं. तर 'एफेर्वेस्केंतिबुस' हा शब्द ज्या माणसाच्या तोंडी आहे तो आणि ज्याच्याबद्दल आहे तो, दोघंही ह्या गप्पांनंतर चार-पाच वर्षांत गेले. सिसेरोने हे मुद्दाम केलं का ते आपण सोडून देऊ, पण इ.स.पू. ५५ चा वाचक ही ओळ थंड डोक्याने वाचूच शकत नव्हता.

आणि सिसेरोने हीच कात्री स्वतःलाही लावली. सव्विसाव्या वर्षी, इ.स.पू. ८० ला, बापाच्या खुनाचा आरोप असलेल्या रोस्कियुसची केस त्याने लढवली, त्या भाषणात पितृघातक्याला रोममध्ये काय शिक्षा देतात, पोत्यात शिवून नदीत टाकतात, ह्याच्यावर एक मोठा अलंकारिक भाग आहे, आणि त्याला लोकांनी प्रचंड टाळ्या दिल्या होत्या. साठीच्या घरात आल्यावर तो ह्याच भागाबद्दल लिहितो की थोड्याच काळाने माझ्या लक्षात यायला लागलं की हे काही पुरेसं 'देफेर्विस्से' झालेलं नव्हतं, उकळी बसलेली नव्हती. आणि दुसऱ्या ठिकाणी सांगतो की र्‍होड्सला मोलो नावाच्या गुरूकडे गेलो, त्यांनी माझं तरुणपणाचं काठ सोडून वाहणारं बोलणं आवरलं, आणि परत आलो तेव्हा 'क्वासि देफेर्वेरात ओरातियो', जणू माझ्या भाषणाची उकळी खाली बसली होती. इथे काही लोक शिकवताना 'थंड झालं' असा अर्थ सांगतात, तो मला पटत नाही. वाइन फसफसायची थांबते तेव्हा ती थंड पडलेली नसते, ती तयार झालेली असते. प्लिनीचा तो रांजण आठवा म्हणजे सिसेरो काय म्हणतोय ते बरोबर कळेल. काएलियुस ह्या त्याच्या तरुण मित्राच्या बचावाच्या भाषणातही हेच, कितीतरी मोठी माणसं अशी झालीयेत की ज्यांच्या तरुणपणीच्या वासना 'देफेर्विस्सेंत' झाल्यावर त्यांचे उत्तम गुण बाहेर आले. अरबी-फारसी वैद्यकातही हा विचार पुढे दिसतो, दहाव्या शतकाच्या सुरुवातीला वारलेला अल-राझी देवीच्या रोगाबद्दल असं मांडतो की लहान मुलाचं रक्त कोवळ्या द्राक्षरसासारखं असतं आणि ते उकळून पिकताना देवी येतात. वैद्यक म्हणून ते चूक होतं. पण रांजण तोच.

आता शेजारच्या घरात जाऊ, बुलिरे आणि एबुलिरे. हे बुला ह्या नामापासून, बुला म्हणजे बुडबुडा. एबुलिरे म्हणजे बुडबुडे काढत बाहेर येणं. फेर्वेरेला कवींच्या पंगतीत मान होता, हा मात्र बोलीतला, रस्त्यावरचा, थोडा खालच्या पट्टीतला शब्द आणि सिसेरो तो वापरतो तेही खोचक टोमणा मारायलाच. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस म्हणे की शहाणा माणूस नेहमी सुखीच असतो, आणि सिसेरो म्हणतो हो, हे अधूनमधून त्याच्या तोंडून एबुलिरे होत असतं, म्हणजे फेसासारखं बाहेर पडत असतं, मागे विचार बिचार काही नाही.

ह्या शब्दाचा सगळ्यात जिवंत वापर मात्र मरणाचा आहे. पेट्रोनियसच्या सातिरिकॉन ह्या कादंबरीत, नीरोच्या काळातलं ते, त्रिमाल्किओ नावाच्या गडगंज झालेल्या माजी गुलामाच्या घरी जेवण चाललंय आणि सगळे पाहुणे त्याच्यासारखेच, शिकलेले नाहीत, पैसेवाले आहेत, आणि त्यांची लॅटिन अगदी बाजारातली. सेलेउकुस नावाचा एक जण मयतीहून आलाय आणि तो म्हणतो, छान माणूस हो, एवढा चांगला, क्रिसान्थुस, 'आनिमाम एबुलिइत', प्राण उकळून टाकला बाहेर. आत्ता आत्ता तर मला हाक मारली त्याने, अजून त्याच्याशी बोलतोय असं वाटतं. हाय हाय, आपण म्हणजे फुगवलेले चामड्याचे बुधले चालतोय नुसते, माशीपेक्षाही हलके, माशीत तरी काही दम असतो, आपण बुडबुड्यांपेक्षा जास्त नाही, 'नोस नॉन प्लुरिस सुमुस क्वाम बुल्लाए'. आधी एबुलिइत, आणि चार वाक्यांनी बुल्लाए. ह्या माणसाला व्याकरण येत नाही, पुढे तो नशिबाला फातुम म्हणायच्या जागी 'मालुस फातुस' म्हणतो, लिंगच चुकवतो, आणि तरी एका श्वासात क्रियापदापासून त्याच्या मुळातल्या बुडबुड्यापर्यंत जाऊन येतो. पाच दिवस त्याच्या तोंडात पाण्याचा थेंब नाही की पावाचा कण नाही, असंही सांगतो, आणि डॉक्टरांनीच घालवला म्हणतो, नाही नाही, वाईट नशिबानेच. कुठल्याही गावात मयतीहून परत येताना चालणारं बोलणं आहे हे.

इसवी सन ५४ ला सम्राट क्लॉडियस मेला तेव्हा तत्त्वज्ञ सेनेकाने त्याच्यावर जे जहरी लिहिलं त्यातही हेच शब्द, आनिमाम एबुलिइत, आणि त्या क्षणापासून जिवंत असल्यासारखं दिसणं त्याने बंद केलं. सम्राटाच्या मरणाला बाजारातला शब्द, त्यातच सगळा वार आहे. आणि पर्सियस नावाचा कवी, तिशी गाठायच्या आत गेला बिचारा, त्याने देवळात लोक मोठ्याने काय मागतात आणि पुटपुटत काय मागतात ह्यावर लिहिलंय. मोठ्याने, चांगली बुद्धी दे, कीर्ती दे. आणि मग जिभेखाली, देवा, काका एकदाचा एबुलिरे होऊ दे, काय थाटाची अंत्ययात्रा काढीन, आणि कुदळीखाली चांदीचा हंडा खणखणू दे.

माणूस म्हणजे बुडबुडा, होमो बुला, ही रोममध्ये म्हणच होती. व्हॅरोने इ.स.पू. ३७ ला शेतीवरचं पुस्तक सुरू करताना ती दिलीये, म्हणतो माणूस बुडबुडा असेल तर म्हातारा तर जास्तच, ऐंशीवं वर्ष मला बोचकं बांधायला सांगतंय. पालीतल्या धम्मपदातही जगाकडे बुडबुड्याकडे बघावं तसं बघ असं सांगितलंय, तिथे शब्द बुब्बुलक, आपल्याकडे बुद्बुद, बुडबुडा, हा ब-ब चा आवाज पाण्याचाच असावा, लॅटिन आणि आपण दोघांनी तो पाण्याकडूनच ऐकलेला. फरक एवढाच की धम्मपद त्यातून मृत्यूच्या तावडीतून सुटायचा रस्ता काढतं आणि व्हॅरो शेताची कामं नीट लिहून ठेवायला बसतो.

नंतर जेरोमने बायबलचं लॅटिन केलं, चौथं शतक संपता संपता आणि पाचव्याच्या तोंडाला, त्यात निर्गमच्या आठव्या अध्यायात नाईल नदी बेडूक 'एबुलिएत' करील असं आहे, म्हणजे नदी बेडूक उकळून बाहेर टाकील, क्रियापदाला चक्क कर्म दिलंय, बेडूक. आणि नीतिसूत्रांत मूर्खांचं तोंड मूर्खपणा एबुलिरे करतं, इथे सिसेरोचा एपिक्युरस आठवला ना?

बुला पुढे कुठे कुठे गेला ते बघण्यासारखंय. बुडबुड्यासारखं गोल काहीही बुला, दारावरचा खिळ्याचा फुगवटा, रोमन मुलांच्या गळ्यातला ताईत, तो मुलगा मोठा झाला की घरच्या देवांना वाहायचा. मध्ययुगात पोपच्या पत्राला शिशाचा गोल ठसा लटकवायचे तोही बुला, मग ते पत्रच बुला, आणि त्याचंच बिघडून बिल्ला, आणि तिथून इंग्रजीत बिल, आणि तिथून आपलं वीजबिल. बुलेटिन तिथलंच, बुलेट तिथलीच, बॉयलर बुलिरेवरून, आणि सोन्याचांदीचा बुलियनसुद्धा, धातू वितळवून उकळवण्यावरून. रोमान्स भाषांनी उकळण्यासाठी ही दोन घरं आपापसात वाटून घेतलीयेत, इटालियन बोल्लिरे आणि फ्रेंच बुयिर हे बुलिरेकडून, स्पॅनिश एर्विर आणि पोर्तुगीज फेर्वेर हे फेर्वेरेकडून, म्हणजे गोव्यात साडेचारशे वर्षं पोर्तुगीजांच्या स्वयंपाकघरात व्हर्जिलचा शब्द होता.

एक शेवटचा मुद्दा विज्ञानाचा, कारण सुरुवातीला मी उष्णता बाजूला सारा म्हटलं होतं. एबुलिझम नावाची एक स्थिती वैमानिक आणि अंतराळवीरांना शिकवतात. साधारण १९ किलोमीटर उंचीवर हवेचा दाब इतका कमी होतो की पाणी ३७ डिग्रीला उकळतं, म्हणजे आपल्या शरीराच्या तापमानाला. १९६६ साली ह्यूस्टनला नासाच्या निर्वात चेंबरमध्ये जिम लेब्लांक हे तंत्रज्ञ स्पेससूट तपासत होते, हवेची नळी निसटली, पंधराएक सेकंदांत ते बेशुद्ध पडले, चेंबरमध्ये हवा लगेच परत आत सोडल्यामुळे वाचले, आणि नंतर त्यांनी सांगितलं की शुद्ध जायच्या आधी जिभेवर लाळेचे बुडबुडे यायला लागल्याचं त्यांना जाणवलं होतं. जीभ पोळली नाही. जाळ नाही, ताप नाही, आणि उकळी खरी.

प्रश्न आला की मराठीत आपण 'पैसे उकळले' म्हणतो तसं लॅटिनमध्ये आहे का. तसं नाही, पण उलट्या बाजूने आहे. देकोक्वेरे म्हणजे शिजवून आटवणं, आणि त्याचाच अर्थ दिवाळं काढणं, घरचा पैसा आटवून भांडं कोरडं करणं. अशा माणसाला देकोक्तोर म्हणायचे. आपल्याकडे दुसऱ्याचे उकळतात, त्यांच्याकडे स्वतःचे आटतात. सिसेरोने मार्क अँटनीवर जे दुसरं फिलिपिक, म्हणजे झोडपून काढणारं भाषण, लिहिलं त्यात तो त्याला विचारतो, आठवतंय का, अंगावर पोरवयाचा झगा असतानाच तू देकोक्सिस्से केलं होतंस? आणि लगेच पुढे, थिएटरमध्ये सरदारांसाठी राखलेल्या चौदा रांगांमध्ये तू जाऊन बसायचास, आणि रोस्कियुसच्या (हा मघाच्या खटल्यातला नाही, वेगळा) कायद्याने तर दिवाळखोरांची बसायची जागा वेगळी ठरवून दिलेली होती.